नाव, क्रमांक आणि खिडकी: युनिक्सच्या खातेदारांची नोंदवही

कामणला चिंचोटी–भिवंडी रस्त्यालगत गाळ्यांच्या रांगा आहेत. त्यातल्या एका गाळ्यात पॅकिंगचा माल तयार होतो. तिथे एकच संगणक आहे, उबंटूवर चालणारा, आणि मी अधूनमधून त्याची देखभाल करतो. त्यावर चार खाती: मालक, हिशेब, डिस्पॅच आणि स्टोअर. दिवाळीला गावी गेलेला स्टोअरचा माणूस परत आला नाही. सुपरवायझरने सेटिंग्जमधली खातेदारांची खिडकी उघडली, त्याचे नाव निवडले आणि खाते काढून टाकले. खिडकीने विचारले, फाइली ठेवायच्या की पुसायच्या? त्याने शहाणपणाने ‘ठेवा’ म्हटले. दहा दिवसांनी नवा मुलगा लागला, त्याच्या नावाने त्याच खिडकीतून नवे खाते उघडले. दुसऱ्या दिवशी हिशेबाच्या ताईंचा मला फोन आला. “दादा, हा पोरगा काल लागला ना? मग श्रावणातल्या चलनांवर ह्याचं नाव कसं काय?”

फाइलींच्या यादीत मालकीचा रकाना असतो. त्यात जुन्या चलनांपुढे खरोखरच नव्या मुलाचे नाव होते. जुन्या माणसाचे घरचे फोल्डर तसेच राहिले होते, त्यात आधार कार्डाचे फोटो होते, बायकोच्या दवाखान्याचे कागद होते. तेही सगळे या मुलाला उघडत होते, बदलता येत होते, पुसताही येत होते. कोणी लबाडी केली नव्हती. खिडकीत दिलेला प्रत्येक आदेश बरोबर होता आणि संगणकाने तो बरोबर पाळला होता.

हे कसे घडले, त्याचे उत्तर उबंटू ज्या घराण्यातले आहे त्या युनिक्सच्या अगदी तळाशी आहे. युनिक्सला माणसाचे नाव कळत नाही. त्याला क्रमांक कळतो. फाइल तयार झाली की तिच्यावर नाव कोरले जात नाही, मालकाचा क्रमांक आणि गटाचा क्रमांक कोरला जातो. नाव कुठे असते, तर ‘ईटीसी’ निर्देशिकेतल्या पासवर्ड फाइलमध्ये. ही साधी मजकुराची फाइल आहे. दर खात्याला एक ओळ, आणि ओळीत विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी वेगळे केलेले सात रकाने: खात्याचे नाव, पासवर्डची जागा, खातेक्रमांक, मुख्य गटाचा क्रमांक, माणसाचे पूर्ण नाव, घरची निर्देशिका आणि शेवटी प्रवेशानंतर सुरू होणारा शेल. यादी दाखवताना संगणक फाइलीवरचा क्रमांक घेतो, या फाइलमध्ये शोधतो आणि समोर सापडलेले नाव छापतो. नाव हे फक्त छापण्यापुरते.

उबंटूत माणसांची खाती १००० पासून सुरू होतात. गाळ्यातल्या मालकाचे १०००, हिशेबाचे १००१, डिस्पॅचचे १००२, स्टोअरचे १००३. स्टोअरचे खाते काढले तेव्हा ती एक ओळ गेली. चलनांवरचा १००३ मात्र तसाच राहिला. मधल्या दहा दिवसांत कोणी टर्मिनलमध्ये यादी काढली असती, तर नावाच्या जागी नुसता १००३ दिसला असता. मग नवे खाते उघडताना यंत्रणेने पुढचा मोकळा क्रमांक शोधला. तो १००३ च होता.

आपल्याकडे महसुलाचे दप्तर ज्याने पाहिले आहे त्याला हे लगेच उमगेल. जमीन ओळखली जाते ती गट क्रमांकाने. सातबाऱ्यावरची नावे बदलत राहतात. पण तिथे एक नेमस्त शिस्त आहे. आधी फेरफार, म्हणजे गाव नमुना सहामध्ये नोंद, मग मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणन, मगच सातबाऱ्यावर बदल. आणि जुने नाव खोडून नाहीसे करत नाहीत, त्याला कंस करतात. पन्नास वर्षांनी कोणी विचारले तरी कंसातले नाव दिसते आणि शेजारी फेरफाराचा क्रमांकही. युनिक्सच्या नोंदवहीत कंस नाही. ओळ असते किंवा नसते. खातेदारांच्या चित्रमय साधनांचा विचार करायचा तो इथून. ही साधने या मूळ नोंदवहीवर बसवलेले अर्ज आहेत, आणि अर्ज भरणाऱ्याला नोंदवही कितपत दिसते यावर त्यांची पारख व्हायला हवी.

नोंदवहीची घडण थोडी पाहू. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केले तेव्हा एका यंत्रावर अनेकांनी बसायचे हेच गृहीत होते. पासवर्ड आधी त्याच फाइलमध्ये राहत. रॉबर्ट मॉरिस आणि थॉम्प्सन यांचा १९७९ चा प्रसिद्ध निबंध या पासवर्डांच्या राखणीचाच इतिहास सांगतो. फाइल सर्वांना वाचता येते, कारण क्रमांकाचे नाव करायला प्रत्येक प्रोग्रॅमला ती लागते, म्हणून पासवर्ड गुंतागुंतीच्या प्रक्रियेतून फिरवून ठेवायचा. पुढे तेही अपुरे पडले आणि पासवर्डचा अंश वेगळ्या, फक्त मुख्य प्रशासकाला दिसणाऱ्या ‘शॅडो’ फाइलमध्ये गेला. आज पासवर्ड फाइलीच्या दुसऱ्या रकान्यात नुसता एक्स असतो. पाचव्या रकान्याला अजूनही ‘जीकॉस’ म्हणतात. ते नाव जनरल इलेक्ट्रिकच्या एका जुन्या कार्यप्रणालीचे. बेल प्रयोगशाळेतले लोक छपाईची कामे त्या यंत्राकडे पाठवत आणि त्यासाठी लागणारी ओळख या रकान्यात ठेवत. यंत्र गेले, रकाना राहिला, आणि आता आपण त्यात माणसाचे पूर्ण नाव लिहितो.

हाच रकाना मराठी माणसाच्या कामाचा आहे. खात्याचे नाव लहान इंग्रजी अक्षरांत ठेवणेच सुरक्षित, लिनक्सची बहुतेक वितरणे दुसरे काही स्वीकारतही नाहीत. पूर्ण नाव मात्र देवनागरीत लिहिता येते आणि प्रवेशाच्या पडद्यावर तेच ठळक दिसते. गाळ्यात मी चारही नावे देवनागरीत लिहिली. लॅपटॉप न हाताळलेला डिस्पॅचचा माणूस पडद्यावर स्वतःचे नाव स्वतःच्या लिपीत पाहून लगेच त्यावर टिचकी मारतो, विचारत बसत नाही. यासाठी खिडकीच हवी. लिनक्सच्या काळ्या, नुसत्या मजकुराच्या कन्सोलवर देवनागरी उमटत नाही. मी खिडक्यांच्या विरुद्ध नाही, हे इथेच सांगून ठेवतो.

आता अर्ज खिडकीतून नोंदवहीपर्यंत कसा पोचतो ते पाहू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. जुन्या काळी चित्रमय साधन सरळ मुख्य प्रशासकाच्या, म्हणजे क्रमांक शून्यच्या अधिकाराने चाले. क्रमांक शून्य असलेल्या खात्याला युनिक्समध्ये कसलीच आडकाठी नाही. संपूर्ण खिडकी, तिची बटणे, चित्रे, अक्षरांचे साचे, सगळे अमर्याद अधिकाराने चालवायचे म्हणजे धोका. म्हणून आताच्या ग्नोममध्ये, म्हणजे उबंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये, कामाची वाटणी आहे. खिडकी साध्या अधिकाराने चालते. ती ‘डी-बस’ या निरोप्यामार्फत ‘अकाउंट्स-सर्व्हिस’ नावाच्या पडद्यामागच्या सेवकाला विनंती करते. तो सेवक ‘पोलकिट’ला विचारतो, या माणसाला हा बदल करू द्यायचा का? पोलकिट प्रशासकाचा पासवर्ड मागतो. खिडकीच्या वरच्या बाजूला दिसणारे ‘अनलॉक’ हे बटण म्हणजे तीच पायरी. मग सेवक नेहमीचीच ‘युजरअ‍ॅड’सारखी आज्ञा चालवतो आणि ओळ लिहिली जाते. अर्जदार, तलाठी, मंडळ अधिकारी अशी ही उतरंड आहे आणि तत्त्वतः ती चांगली आहे.

पण उतरंडीत प्रत्येक पायरीवर एकमेकांचे म्हणणे नीट समजावे लागते. नोव्हेंबर २०२० मध्ये केव्हिन बॅकहाउस या संशोधकाने उबंटू २०.०४ मधला एक दोष जाहीर केला. साध्या खातेदाराला आपल्या घरच्या निर्देशिकेत एक अशी फाइल ठेवता येत होती की ती वाचता वाचता अकाउंट्स-सर्व्हिस अडकून पडे. तो सेवक कोसळला की प्रवेशाचा पडदा त्याला विचारी, या यंत्रावर खाती किती? उत्तर येत नसे. पडद्याने त्याचा अर्थ घेतला: खाती नाहीत. म्हणजे यंत्र नवे कोरे आहे, तर पहिल्या वापराची खिडकी उघडू या. त्या खिडकीतून उघडलेले पहिले खाते अर्थातच प्रशासकाचे. पासवर्ड न तोडता, बटणे दाबत दाबत साधा माणूस प्रशासक होऊन बसे.

पुढच्याच वर्षी, जून २०२१ मध्ये, त्याच संशोधकाने पोलकिटमधला दोष दाखवला. तो सात वर्षे तिथे होता. विनंती करणारा प्रोग्रॅम नेमक्या क्षणी मधूनच निघून गेला, तर पोलकिटला त्याचा क्रमांक मिळत नसे, आणि न मिळालेल्या क्रमांकाच्या जागी शून्य धरला जाई. शून्य म्हणजे मुख्य प्रशासक. विनंती मंजूर, नवे प्रशासक खाते तयार, तेही अकाउंट्स-सर्व्हिसकरवीच.

हे दोन्ही दोष शेजारी ठेवून पाहिले की माझ्या मते एकच चूक दिसते. ‘माहीत नाही’ आणि ‘शून्य’ यांत गल्लत. पहिल्यात खातेदारांची संख्या शून्य धरली, दुसऱ्यात विचारणाऱ्याचा क्रमांक. तलाठ्याने दप्तर सापडले नाही म्हणून जमीन बेवारस ठरवावी, त्यातलाच हा प्रकार. दोन्ही दोष तातडीने दुरुस्त झाले. पण खिडकी आणि नोंदवही यांच्यामध्ये जितक्या पायऱ्या, तितक्या ठिकाणी ‘नाही’चा अर्थ लावावा लागतो, हे त्यांतून कायमचे कळले.

साधनांचा इतिहास याच दृष्टीने वाचावा. आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीत १९९० च्या सुमारास ‘स्मिट’ आले. माझ्या लेखी ते आजही या जातीतले सर्वांत प्रामाणिक साधन आहे. त्यात अर्ज भरावा, आणि एफ६ ही कळ दाबली की पडद्यामागे कोणती आज्ञा चालणार ती जशीच्या तशी दिसते. शिवाय चालवलेल्या आज्ञा एका फाइलमध्ये साठत जातात. म्हणजे फेरफाराची नोंदवही आपोआप तयार. चित्रमय आवृत्तीत काम चालू असताना एक माणूस धावत असे आणि काम फसले की तो पडत असे. ती गंमत लोकांच्या लक्षात राहिली, पण शिकवण होती ती एफ६ मध्ये. नवखा माणूस खिडकी वापरता वापरता आज्ञा शिकत असे, आणि एक दिवस त्याला खिडकीची गरज उरत नसे.

लिनक्सच्या जगात नव्वदच्या दशकात लिनक्सकॉन्फ आले, सुसेचे यास्ट आले, जेमी कॅमेरॉनचे ब्राउझरमधून चालणारे वेबमिन १९९७ मध्ये आले. पुढे रेड हॅट आणि फेडोरामधले खातेदारांचे साधन, केडीईचे केयुजर आणि ग्नोमच्या जुन्या साधनसंचातला ‘युजर्स-अ‍ॅडमिन’. यांचे तपशील वेगळे, पण बहुतेकांत एक गोष्ट सारखी होती: नावाशेजारी क्रमांक पाहायला मिळे आणि गटांसाठी निराळी जागा असे. रेड हॅटच्या साधनात तर यादीतच नाव, क्रमांक, मुख्य गट, पूर्ण नाव, शेल आणि घर असे रकाने होते. ती नोंदवहीची सुबक प्रतच होती. दिसायला रुक्ष, पण खरी.

२०११ मध्ये ग्नोम ३ आले आणि नवी खिडकी घेऊन आले. त्यात फोटो, पूर्ण नाव, पासवर्ड, भाषा, आपोआप प्रवेश, आणि खात्याचा प्रकार: साधे किंवा प्रशासक. क्रमांक नाही. गट नाहीत. घरच्या लॅपटॉपवर आई, बाबा आणि दोन मुले अशा चौघांसाठी ही खिडकी खरेच सुंदर आहे, आणि ती करणाऱ्यांनी घरचाच माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता, यात गैर काही नाही. पण जगातले सगळे संगणक घरांत नसतात. कामणच्या गाळ्यात डिस्पॅचच्या टेबलाशी इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आहे. तो सीरियल वायरने संगणकाला जोडलेला आहे. खोक्याचे वजन सरळ चलनात यावे म्हणून. उबंटूत सीरियल पोर्ट उघडायचा तर खातेदार ‘डायलआउट’ या गटात असावा लागतो. हे नाव टेलिफोनवरून मोडेमने संपर्क साधण्याच्या काळातले. काटा जोडला, वायर तपासली, वीज आहे, तरी वजन शून्य. कारण डिस्पॅचचे खाते त्या गटात नव्हते, आणि खिडकीत गटाला जागाच नव्हती.

मग सुपरवायझरने काय केले? कुठून तरी आज्ञा शोधली आणि टर्मिनलमध्ये टाकली. ‘युजरमॉड’ला गट द्यायचा तर ‘जी’ या मोठ्या अक्षराच्या आधी ‘ए’ लावावा लागतो, म्हणजे ‘आणखी’. तो ए राहिला तर आज्ञेचा अर्थ होतो: या खातेदाराचे जोडगट एवढेच, बाकी सगळे काढा. त्याने डिस्पॅचच्या खात्याबरोबर मालकाचेही खाते त्याच आज्ञेने डायलआउटमध्ये घातले, ए न लावता. काटा चालू झाला. आणि मालकाचे खाते ‘सुडो’ या प्रशासकांच्या गटातून बाहेर पडले. यंत्रावर एकही प्रशासक उरला नाही. संध्याकाळी मी गेलो तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता, आत मालक पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकत होते आणि अनलॉकचे बटण काही उघडत नव्हते. यंत्र रिकव्हरी मोडमध्ये सुरू करून मी तो गट परत दिला, पाच मिनिटांचे काम. पण ती पाच मिनिटे मालकांच्या चेहऱ्यावर जे होते ते मला आवडले नाही.

इथे माझा मुद्दा आहे. एखादी गोष्ट खिडकीतून काढून टाकली म्हणजे ती अवघड गोष्ट नाहीशी होत नाही. ती फक्त अधिक धारदार हत्याराकडे ढकलली जाते. गटांची यादी आणि खुणा करायचे चौकोन असते, तर ए विसरण्याचा प्रश्नच नव्हता, कारण चौकोनावर खूण करताना बाकीच्या खुणा डोळ्यांसमोर असतात. लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये हे अजून मिळते, यास्टमध्ये मिळते. सर्व्हरसाठी रेड हॅटने पुढे आणलेल्या कॉकपिटमध्ये, म्हणजे ९०९० या पोर्टवर ब्राउझरमधून उघडणाऱ्या साधनात, खाते कुलूपबंद करणे आणि ठरल्या तारखेला बंद करणे या दोन्ही सोयी आहेत.

ही तारखेची सोय मला विशेष महत्त्वाची वाटते. खाते कुलूपबंद केले की शॅडो फाइलमधल्या पासवर्डपुढे उद्गारचिन्ह लागते आणि तो पासवर्ड कशाशीच जुळत नाही. पण दुसऱ्या यंत्रावरून एसएसएचच्या किल्लीने येणाऱ्याला पासवर्ड लागतच नाही. तो बहुतेक यंत्रांवर तसाच आत येतो. खात्याची मुदत संपवली, तर मात्र दोन्ही दारे बंद होतात, आणि ओळ जागेवर राहते. क्रमांक अडकून राहतो, दुसऱ्या कोणाला मिळत नाही. जुन्या चलनांपुढे जुन्याच माणसाचे नाव दिसत राहते. युनिक्समध्ये कंस नाही असे मी वर म्हटले. मुदत संपलेले खाते हाच त्यातल्या त्यात जवळचा कंस.

खातेदार म्हणजे माणूसच, ही समजूत मात्र सोडून पाहण्यासारखी आहे. रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या शाळेत २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चा भारतातला पहिला प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ यंत्रांवर ‘शुगर’ नावाचा पडदा होता. पहिल्यांदा सुरू करताना तो मुलाला फक्त नाव विचारी आणि आवडते रंग निवडायला सांगे. पासवर्ड नाही, खात्याचा प्रकार नाही. एक यंत्र, एक मूल, त्यामुळे माणसामाणसांत भिंती घालण्याची गरजच नव्हती. भिंती होत्या त्या प्रोग्रॅममध्ये. त्या यंत्रासाठी आखलेल्या ‘बिटफ्रॉस्ट’ या सुरक्षा आराखड्याचा रोख असा की मुलाचे रक्षण दुसऱ्या मुलापासून करायचे नाही, अविश्वासू प्रोग्रॅमपासून करायचे.

तोच विचार आज कामण रोड स्थानकावर दिवा गाडीची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात आहे. अँड्रॉइडच्या गाभ्यात लिनक्स आहे, आणि तिथे प्रत्येक अ‍ॅप हे वेगळे खाते आहे. त्यांचे क्रमांक १०००० पासून सुरू होतात. एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या फाइली दिसत नाहीत, कारण युनिक्सच्या दृष्टीने ते दोन परके खातेदार आहेत. इंटरनेट वापरायची परवानगी असलेले अ‍ॅप ३००३ क्रमांकाच्या गटात जाते, अगदी आमच्या डायलआउटसारखे. म्हणजे फोनच्या सेटिंग्जमधली अ‍ॅपच्या परवानग्यांची खिडकी, जिथे आपण कॅमेरा, संपर्क, ठिकाण यांची बटणे चालू-बंद करतो, ती युनिक्सच्या खातेदारांचीच खिडकी आहे. जगात सर्वांत जास्त लोकांच्या हाताखाली असलेली. ‘पासवर्ड फाइल’ हा शब्द कधी न ऐकलेली माणसे रोज खातेदारांचे अधिकार ठरवत आहेत, आणि मला वाटते, बऱ्यापैकी नीट ठरवत आहेत. कारण त्या खिडकीत प्रत्येक परवानगी वेगळी दिसते. ‘साधे’ आणि ‘प्रशासक’ अशा दोनच पेट्यांत सगळे कोंबलेले नाही.

शिकवणाऱ्यांनाही यातून घेण्यासारखे आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठी निवेदनासह करून ठेवले आहेत, आणि वसई-विरारच्या पट्ट्यात दुरुस्ती-देखभालीचे काम करणाऱ्या मुलांना मी ते नेहमी सुचवतो. मी स्वतः मुलांना शिकवतो तेव्हा आधी पासवर्ड फाइल उघडून सात रकाने मोठ्याने वाचून घेतो. नंतर खिडकीतून एक खाते उघडायला लावतो, आणि पुन्हा फाइल उघडून नवी ओळ शोधायला लावतो. स्मिटची एफ६ कळ नाही, तर तिचे काम हाताने करायचे. एकदा ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी उमटताना पाहिली की मुलगा खिडकीतल्या प्रत्येक बटणाकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

त्या दिवशी ताईंच्या फोननंतर मी गाळ्यात जाऊन आधी नव्या मुलाच्या खात्याला १००४ क्रमांक दिला आणि त्याच्या दोन दिवसांच्या फाइली त्याच्या नावे केल्या. मग जुन्या माणसाची ओळ १००३ या क्रमांकासह पुन्हा लिहिली आणि त्या खात्याची मुदत कालच्या तारखेने संपवली. चलनांपुढे त्याचे नाव परत दिसू लागले. त्याचे घरचे फोल्डर मी पेनड्राइव्हवर घेतले. सुपरवायझरने त्याला फोन लावला, तो म्हणाला, दवाखान्याचे कागद तेवढे पाठवा, बाकी राहू द्या. कागद पाठवले. हिशेबाच्या ताईंनी आवक-जावकच्या वहीमागच्या कोऱ्या पानावर चार रकाने आखले: क्रमांक, नाव, लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख. १००३ समोर त्यांनी नाव लिहिले, तारखा लिहिल्या आणि सवयीने नावाला कंस केला.